सासरेबुवा आणि ताईचं तास

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात देवाशी सर्वांत मोठ्या आवाजात कोण बोलतं, असा वाद कधी निघालाच तर तो फार वेळ चालणार नाही, कारण तो मान निर्विवादपणे माझ्या सासऱ्यांचा आहे. आर्णीच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. कापसातून सरकी सोडवणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात त्यांचे कान गेले. पण कान गेल्याची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांच्या मते हल्ली लोकच पुटपुटायला लागले आहेत. त्यामुळे सकाळी चहाच्या आधी ओट्यावर बसून, डोळे मिटून ते 'एकांतात' प्रार्थना करतात, तेव्हा समोरच्या गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते, दूधवाला मोटारसायकल बंद करून उभा राहतो, आणि चार घरं पलीकडची माणसं आपापल्या घरात 'आमेन' म्हणतात. त्यातली बरीचशी हिंदू आहेत. सासूबाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अवो, देव का बहिरा हाय?" त्यावर त्यांनी शांतपणे, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतक्या शांतपणे, उत्तर दिलं, "देवाले ऐकू येते. पण तो लय लोकायचं ऐकून राह्यला. आपला आवाज त्याच्यात दबला नाई पाह्यजे."

मी मूळचा नगरकडचा. नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला एक जुना आजार असतो. येशू बेथलेहेमात जन्मला हे तो मान्य करतो, पण पुढचं सगळं नगर जिल्ह्यात घडलं असं त्याला मनातून वाटत असतं. दगडी चर्च, उंच मनोरा, पेटी-तबल्यावरची भजनं, पणजोबांपासूनचे पाळक, असा सगळा जामानिमा डोक्यात घेऊन लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा आर्णीला गेलो. कापूस बाजाराच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखालचं प्रार्थनामंदिर पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या व्यापाऱ्याचं गोदाम वाटलं. भिंतींना चुना, खाली सतरंज्या, वर दोन पंखे. एक फिरणारा आणि एक फिरावं की नाही याचा विचार करणारा. पण सासरे ते मला राजवाडा दाखवावा तसं दाखवत होते. "घरं तशी थोडीच हायेत. आजूबाजूच्या खेड्यातून लोक येतात. अन आमची सोताची एक मिशनरी हाय." हे शेवटचं वाक्य त्यांनी 'आमचा पोरगा कलेक्टर हाय' अशा सुरात टाकलं. मी विचारलं, "म्हणजे बाहेरून मिशनरी येतात इथे?" हे स्थळ मुलीसाठी नक्की करून चूक तर झाली नाही ना, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येत नाई, जवाईबापू. आमी धाडतो."

ही मिशनरी म्हणजे महागावकडच्या एका खेड्यातली, याच मंडळीत लहानाची मोठी झालेली मुलगी. मंडळी म्हणजे आमच्यात चर्चची सगळी माणसं. मुलगी नर्सिंग शिकली, यवतमाळला चांगली नोकरी लागत होती, आणि एका रविवारी उपासनेत उभी राहून म्हणाली, ओडिशातल्या डोंगरात मिशनचा एक लहानसा दवाखाना आहे, तिथं राहायला कुणी तयार नाही, मी जाते. घरी रडारड झाली, मंडळीच्या पंच कमिटीत वादावादी झाली, आणि शेवटी सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला पाठवलं. तेव्हापासून सगळे तिला ताई म्हणतात, तिच्या आजीच्या वयाच्या बायकासुद्धा. सासरे नात्यानं तिचे कुणी लागत नाहीत. पण डोक्यावर हात ठेवण्याचा अर्थ इतरांनी आशीर्वाद असा घेतला, तर त्यांनी तो फिटरसारखा घेतला. ज्या यंत्रावर आपण हात ठेवला ते बंद पडलं तर जबाबदारी आपली, असा त्यांचा हिशेब.

मोघम प्रार्थनेचा त्यांना मनस्वी संताप आहे. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, एकदा 'जगभरातील सर्व सेवकांना आशीर्वादित कर' असं म्हणाले, तर शेवटच्या सतरंजीवरून सासऱ्यांची कुजबुज आली, "नाव घ्या न साहेब, देवाले काहून अंदाज लावाले लावता?" ती कुजबुज छपराला लागून परत आली. त्यांची स्वतःची प्रार्थना नमुनेदार असते. "प्रभू, ताईच्या दवाखान्याचं मांगचं टिन वाजून राह्यलं. त्याचा बोल्ट ढिला नाई, वायसर सडला. नवा वायसर रबराचा पाह्यजे, लोखंडाचा नको, तथी पाऊस लय हाय. कोणाच्या तरी मनात घाल. अन प्रभू, जो मानूस बसवन त्याले सांगजो, का पिळतानी जोर नको लावू." पाळकसाहेब तरुण आहेत, मंडळी दमलेली असते, दुपारचं जेवण खोळंबलेलं असतं, पण ही प्रार्थना बोल्टामागून बोल्ट पुढे सरकत राहते. मला आरंभी हसू यायचं. पुढे पुढे मीही डोळे मिटून त्या वायसरची काळजी करायला लागलो.

ही सगळी माहिती त्यांना मिळते फोनवरून. दर बुधवारी संध्याकाळी अंगणात खाट टाकून ते ताईला फोन लावतात. स्पीकर अर्थातच चालू, आवाज अर्थातच पूर्ण. तिकडून ताई ओरडून सांगते, इकडून हे ओरडून विचारतात, आणि त्या वेळी गल्लीतल्या बायका भाजी निवडायला नेमक्या ओट्यावर येऊन बसतात. शेजारचे वामनराव, कापूस आणि तुरीची चांगली शेती असलेले, कपाळाला गंध लावणारे, ते तर बुधवारी वावरातून लवकर घरी येतात. सासरे आजारी पडले आणि एक बुधवार चुकला, तेव्हा वामनरावच कुंपणावरून विचारायला आले, "काहून जी, आज ताईचा फोन नाई? त्या पोट्ट्याचा ताप उतरला का नाई, काई समजलं नाई." ओडिशातल्या कुठल्याशा पाड्यावरच्या एका मुलाचा ताप आर्णीतल्या एका शेतकऱ्याच्या जिवाला लागून राहिला होता, आणि याचं सगळं श्रेय जिनिंगच्या यंत्रांना द्यायला हवं.

पण सासऱ्यांची काळजी नुसती बोलण्यावर थांबत नाही. ताईला जे मिळत नाही ते आपणही घ्यायचं नाही, असा त्यांनी एक कायदा केलेला आहे. तिची दाढ दुखत होती तेव्हा ते भाकर पाण्यात भिजवून खात होते. तिची दुचाकी बिघडली तेव्हा यांनी स्वतःची सायकल भिंतीला टेकवून कुलूप लावलं आणि बाजाराला पायी जायला लागले. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी जावई म्हणून मोठ्या रुबाबात आर्णीला गेलो. आणि यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्यानं विस्तवावरच्या तव्याला विचारावं. घरात कूलर होता, पंखे होते, वीज होती. पण तिकडे ओडिशात ताईच्या गावची वीज वादळात गेलेली होती. "तिले पंखा नाई अन आपण कूलरात निजाव?" सासूबाई माझ्या बाजूनं भांडल्या. जावई आहे, नवा आहे, नगरकडचा आहे, वितळून जाईल. अखेर तह झाला. माझ्यापुरता कूलर चालू झाला आणि सासरे भर दुपारी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तिथून त्यांनी ताईच्या गावच्या विजेसाठी जी प्रार्थना सुरू केली, तिच्यात डीपीपासून खांबापर्यंत सगळं होतं. कूलरच्या गारव्यात पडल्या पडल्या मला इतकं ओशाळं वाटलं की मी उठलो आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. घाम पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत ओरडले, "पोरगा बरा हाय व!" सोयरीक त्या दिवशी खरी पक्की झाली, असं माझी बायको म्हणते.

आता तासाबद्दल सांगायला हवं. वऱ्हाडात शेतातल्या पिकाच्या ओळीला तास म्हणतात. या मंडळीतल्या प्रत्येक शेतकऱ्यानं कपाशीचं एक तास ताईसाठी राखून ठेवायचं, त्याचा कापूस वेगळा वेचायचा, वेगळा बांधायचा आणि सुगीच्या रविवारी प्रार्थनामंदिरात आणून ठेवायचा, अशी इथली पद्धत आहे. 'ताईचं तास' म्हणूनच ते ओळखलं जातं. ताईचं तिथलं राहणं, खाणं आणि दवाखान्यातली औषधं त्या तासांवर चालतात. सासऱ्यांच्या मालकीचं वावर वीतभरही नाही, म्हणून सगळ्यांच्या वावरातली तासं तपासण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. त्यांना कुणी नेमलेलं नाही. पण त्यांना काढून टाकायची छाती पंच कमिटीत कुणाला झालेली नाही. ते शेतात शिरतात, बोंड हातात घेऊन धागा ओढून बघतात आणि वावराच्या मालकाला सुनावतात, "धुऱ्याजवळचं तास डुकरायसाठी ठेव. ताईचं मंधातलं पाह्यजे." धुरा म्हणजे शेताचा बांध. वामनराव ख्रिस्ती नाहीत, त्यांना कुणी मागितलंही नव्हतं, तरी त्यांनी आपणहून एक तास राखायला सुरुवात केली. सासऱ्यांनी तेही तपासलं. नगरच्या आमच्या दगडी चर्चात मी ही हकिकत सांगितली तेव्हा लोक म्हणाले, छान आहे. मला त्यांचा रागच आला. छान काय छान! आमच्याकडे मनोरा आहे. असं एक तास दाखवा म्हणावं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बायको आर्णीला होतो, तेव्हा ताई पुष्कळ वर्षांनी मोठ्या रजेवर घरी येणार होती. मंडळीत लगीनघाई उडाली. मोठं बॅनर झालं, त्यावर ताईचा कॉलेजातला फोटो आला, आणि येत्या रविवारी पुसद-महागावच्या मंडळ्यांनाही बोलावणं गेलं. मिशनरी घरी आला की त्यानं प्रत्येक घरी एकेक जेवण घ्यायचं आणि जेवणानंतर तिथे आपल्या सेवेची साक्ष द्यायची, अशी इथली रीत. लोकांच्या प्रेमापुढे काय बोलणार? सकाळचा नाश्ता एका घरी, जेवण दुसऱ्या घरी, चहा तिसऱ्या घरी, आणि प्रत्येक ठिकाणी पुरणाची पोळी, वर 'ताई, तिकडलं काई सांग न.' ताई आली ती ओळखू येईना. वाळलेली, डोळे आत गेलेले. पहिल्याच घरी तिला साक्ष द्यायला सांगितली तेव्हा ती ताटाकडे बघत बसून राहिली. लोकांना वाटलं, प्रवासाचा शीण आहे. दुसऱ्या घरीही तसंच झालं. तिसऱ्या घरी ती पोचलीच नाही, कारण सासऱ्यांनी तिला मधल्या रस्त्यातून उचलून आपल्या घरी आणलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले.

पुढचे चार दिवस त्यांनी असा काही पहारा दिला की विचारू नका. कुणी आमंत्रण घेऊन आलं की हे खुर्चीतून उठून, ओठांवर बोट ठेवून, जितकं हळू बोलता येईल तितकं हळू सांगायचे, "शूऽऽ! ताई निजली हाय!" आणि त्या आवाजानं ताई दचकून जागी व्हायची. आतून तिचा आवाज यायचा, "काका, काय झालं?" हे बाहेरून खडसावायचे, "काई नाई, तू निज!" आमंत्रणं परत जायला लागली तशी माणसं रुसायला लागली. पंच कमिटीतले एक गृहस्थ तर म्हणाले की बॅनर लागलंय, पाहुणे येणार आहेत आणि हा माणूस मिशनरीला कोंडून बसलाय. सासऱ्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही.

खरी गोष्ट सासूबाईंना कळली ती गुरुवारी, आंबाडीची भाजी निवडता निवडता. गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला खाटेवर घालून ताई आणि गावकरी डोंगर उतरत होते. खाली नाल्यानं रस्ता वाहून नेलेला. दवाखान्याची गाडी पलीकडे उभी दिसत होती आणि अलीकडे ताईच्या मांडीवर ती बाई गेली. पोटातलं मूलही गेलं. गावानं ताईला बोल लावला नाही. पण तेव्हापासून तिची झोप गेली होती. "काकू, इथं लोक माह्या नावानं तास राखून राह्यले," ती म्हणाली, "अन मी त्यायले काय सांगू? रविवारी उभी राह्यतो अन सांगतो, का आता माह्यासाठी काई ठेवू नका. मी वापस नाई जात." सासूबाईंना हे नवऱ्याला सांगायचं होतं, पण त्यांना गुपित सांगायचं म्हणजे गावात दवंडी पिटण्यासारखंच. म्हणून त्यांनी नवऱ्याला वामनरावांच्या वावरात मधोमध नेलं आणि तिथे कपाशीत उभं राहून सगळं ओरडून सांगितलं. परत आल्यावर सासरे दाराबाहेरची खुर्ची सोडून माझ्याजवळ येऊन बसले. मग मला म्हणाले, "माणूस गेलं हे तिनं मले फोनवर लिहून धाडलं होतं, जवाईबापू. मी त्याची प्रार्थना अंगणात केली नाई. वाटलं, हे तिचं हाय, आपण कायले सगळ्यायले सांगाव. तिथंच चुकलं माह्यं. पोरीले एकटी ठेवली मी."

शनिवारी ते घरोघर फिरले. प्रत्येकाच्या कानाशी लागून त्यांनी आपला बेत सांगितला, आणि तो कापूस बाजारापर्यंत सगळ्यांना समजला. ताईलाही समजला असणार.

रविवारी प्रार्थनामंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मागे उभे राहिलेल्यांत वामनराव, त्यांची सून आणि तिच्या कडेवरचं पोर होतं. गीतं झाली, शास्त्रपाठ झाला, आणि पाळकसाहेबांनी ताईचं नाव घ्यायच्या आत सासरे उठून पुढे गेले. "काका, अजून..." असं पाळकसाहेब म्हणाले, सासऱ्यांना ऐकू आलं नाही. माईक होता, पण त्यांना माईकची गरज पडावी असा प्रसंग अजून आलेला नाही.

"ताई आज बोलनार नाई," ते म्हणाले. "इतके वर्सं तिनं सांगतलं अन आपण ऐकलं. टाळ्या वाजवल्या अन घरी जाऊन जेवलो. धाडनाऱ्यायनं धाडलेल्याले काई सांगाव का नाई? आज आपण साक्ष देऊ. ताई ऐकन. ताई, बस तू खाली." आणि त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

कुणी हलेना. साक्ष म्हणजे मिशनरीची, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. शेवटी एक म्हातारी उठली आणि म्हणाली की ताईला मलेरिया झाला तेव्हापासून तिनं तंबाखू सोडली, ताई बरी झाल्यावर पुन्हा धरली, तरी ताईनं आता आजारी पडू नये, कारण फार त्रास होतो. लोक हसले, ताईही थोडी हसली. मग एक शेतकरी उठला आणि खाली मान घालून बोलला, "ताई, दोन वर्सं मी तुह्यं तास धुऱ्याजवळचं ठेवलं होतं. औंदा मंधातलं ठेवलं. सगळ्यायच्या समोर सांगतो." सासरे खुर्चीमागून ओरडले, "मले मालूम होतं!" एका मुलीनं सांगितलं की ताईचे फोन ऐकून ती नर्सिंगला गेली. असं एकेक करत माणसं उठायला लागली. कुणाला धड बोलता येत नव्हतं, पण बोलत होती. आमच्या नगरला इतकी सुंदर उपासना मी कधी पाहिली नाही, आणि हे मी तिकडे जाऊन सगळ्यांना सांगितलंय.

मग मागून वामनराव म्हणाले, "मी तुमच्यातला नाई. बोललो तं चालते का?" पाळकसाहेबांनी हात जोडून त्यांना पुढे बोलावलं. "या मानसाच्या आवाजानं मले तुमच्या घरचं सगळं मालूम असते," असं म्हणून त्यांनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "मांगच्या साली ताई फोनवर सांगून राह्यली होती, का पोटुशी बाईचे पाय-तोंड सुजले, डोकं दुखलं, तं घरी ठेवू नका. माह्या सुनेले तसंच होऊन राह्यलं होतं. आमच्या घरी म्हणत होते, होते असं, पहिलटकरीण हाय. मी रातच्या जेवनाले न थांबता तिले यवतमाळले नेली. डॉक्टर म्हणे, उशीर केला असता तं दोघंही गेले असते." त्यांनी मागे वळून सुनेला हात केला. ती पुढे आली आणि तिनं कडेवरचं पोर ताईच्या मांडीवर ठेवलं.

ताईनं ते पोर उराशी धरलं आणि ती रडली. आल्यापासून पहिल्यांदाच रडली, असं सासूबाई म्हणाल्या. रडू ओसरल्यावर ती बसल्या जागेवरूनच, खाली बघत म्हणाली, "ते बाई गेली, तिचं नाव सुकांती होतं."

"काय?" सासरे कानावर हात ठेवून म्हणाले. "मोठ्यानं सांग, पोरी."

"सुकांती," ताई म्हणाली.

"अजून ऐकू नाई आलं."

मला वाटलं, या माणसाला आत्ता तरी कुणी आवरावं. पण ताई उठून उभी राहिली. पोर कडेवर घेऊन, सगळ्या मंडळीकडे बघत, तिनं सगळं छप्पर घुमेल अशा आवाजात सांगितलं, "सुकांती! तिचं नाव सुकांती होतं! मी तिले वाचवू नाई शकली!" त्यावर सासऱ्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि सुकांतीचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. सगळी मंडळी त्यांच्या मागोमाग ते नाव म्हणाली, वामनरावसुद्धा. खाटेवर, पावसात, परक्या डोंगरात गेलेल्या त्या बाईसाठी आर्णीतली इतकी माणसं रडताना बघून मला या पत्र्याच्या घराचा जो अभिमान वाटला, तो मला शब्दांत धरता येत नाही. मी एवढंच करू शकलो की मीही रडलो.

ताईनं त्या रविवारी पुढे काहीच जाहीर केलं नाही. जाणार नाही असं म्हणाली नाही, जाते असंही म्हणाली नाही. पाहुणे जेवून गेले, बॅनर उतरलं. महिनाभर ती कधी स्वतःच्या घरी, कधी सासऱ्यांकडे राहिली, झोपली, जेवली, बायकांबरोबर वेचणीला गेली. कुणी तिला काही विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला सासरे भेटत. नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा आर्णीला गेलो, तेव्हा तिच्या गालांवर थोडं तेज आलं होतं. नाताळ झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता ती सासूबाईंना म्हणाली, "काकू, दवाखाना उघडा ठेवाले तथी कोणी नाई. जाव लागन." सासूबाईंनी हो म्हटलं आणि तिच्या डब्यासाठी जवसाची चटणी कुटायला घेतली.

तिला पोचवायला बस स्टँडवर अर्धी मंडळी आली होती. यवतमाळहून पुढे नागपूर आणि तिथून रेल्वे, असा तिचा लांबचा प्रवास. सामान वर चढलं, प्रार्थना झाली, ड्रायव्हर जागेवर बसला. खिडकीत बसलेल्या ताईनं सासऱ्यांना जवळ बोलावलं आणि त्यांना ऐकू जावं म्हणून जवळजवळ ओरडूनच विचारलं, "काका, समोरच्या वेळेस वापस आली, अन सांगासारखं काईच नसलं तं?"

"तू फक्त ये," सासरे म्हणाले. "सांगाले आमी हाओ न."

गाडी हलली. आम्ही दोघं समोरच्या टपरीवर जाऊन बाकावर बसलो. त्यांच्यासमोर चहा आला, पण त्यांनी तो तसाच ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसले. इतका हट्टी, इतका दांडगा माणूस त्या बाकावर एकदम म्हातारा दिसायला लागला. मग ते म्हणाले, "जवाईबापू, यवतमाळ आलं असन का तिले?"

गाडी अजून गावाबाहेरच्या नाक्यावरसुद्धा पोचली नसेल.

"आलंच असेल, मामा," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. तेव्हा कुठे त्यांनी कप उचलला.